मेडिकल स्कूलसाठी स्पेशल मास्टर्स: कुणी करावं, कसं निवडावं आणि ते वर्ष कसं काढावं

२ वर्षांपूर्वी एका रविवारी मी आणि लेक डायनिंग टेबलवर एक्सेल शीट उघडून बसलो होतो. तिचा अंडरग्रॅडचा (पहिल्या ४ वर्षांच्या डिग्रीचा) जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, ४.० पैकी ३.२, क्रेडिट्स १२०. मी आयटीवाला माणूस, आकडे दिसले की हात शिवशिवतात. म्हटलं अजून एक वर्ष क्लासेस घे, सगळ्यात ए काढ, चढेल की. शीटमध्ये ३० क्रेडिट्स ४.० ने भरले, एंटर मारला आणि खाली आकडा आला ३.३६.

"बाबा, एवढंच?"

एवढंच. एक अख्खं वर्ष, एकही बी नाही, आणि फरक ०.१६ चा. इथे अमेरिकेत मेडिकल स्कूलला जाणाऱ्या पोरांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळ पोचलाय आणि एमकॅट, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, ५११-५१२. २०२४ च्या बॅचला साधारण ५२ हजार जणांनी एमडीसाठी (इथली डॉक्टरची पहिलीच डिग्री) अर्ज केला आणि आत गेले २३ हजार. म्हणजे ३.३६ घेऊन आपण रांगेत नक्की कुठे, ते सांगायला एक्सेल लागत नाही. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा एसएमपी, म्हणजे स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम, हा शब्द गूगल केला. पुढच्या दीड वर्षात जे कळलं, जे चुकलं, ते सगळं इथे लिहितोय, कारण आमच्या मंडळात दर गणपतीला कुणीतरी आई-बाबा बाजूला घेऊन हाच प्रश्न विचारतात आणि प्रसादाच्या रांगेत पाच मिनिटांत हे सांगून होत नाही.

आधी हे आहे काय ते

भारतातून बघणाऱ्यांसाठी एक वाक्य. इथे बारावीनंतर नीट आणि थेट एमबीबीएस असं नाहीये, आधी ४ वर्षांची कुठलीही डिग्री, त्यात बायो-केमिस्ट्री-फिजिक्सचे ठरलेले कोर्सेस, मग एमकॅट, मग अर्ज. आणि अर्जात चारही वर्षांचा प्रत्येक ग्रेड दिसतो. १८ व्या वर्षी घर सोडून गेलेल्या पोराने पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत सी आणला तर तो सी त्याच्यामागे भुतासारखा फिरतो.

स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम म्हणजे एक वर्षाचा, काही ठिकाणी दोन वर्षांचा मास्टर्स, जो बहुतेक वेळा मेडिकल स्कूलच चालवतं. विषय फर्स्ट इयर मेडिकलचे किंवा त्याच्या अगदी जवळचे: फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, हिस्टॉलॉजी, इम्युनॉलॉजी, फार्माकॉलॉजी, कुठे ॲनॅटॉमी. जॉर्जटाऊनचा प्रोग्रॅम १९७० च्या दशकापासून चालू आहे, जुन्यातला जुना समजतात. बोस्टन युनिव्हर्सिटी, सिनसिनाटी, टफ्ट्स, ड्रेक्सेल, रटगर्स, रोझलिंड फ्रँकलिन, ही नावं पण सतत कानावर येतील. ॲडमिशन कमिटीला यातून एकच गोष्ट बघायची असते, हे पोरगं मेडिकल स्कूलचा अभ्यास झेपवू शकतं का. अंडरग्रॅडचा ग्रेड सांगतो कदाचित नाही, एसएमपीचा ग्रेड सांगू शकतो की हो, झेपवलंय, हे बघा.

"सांगू शकतो" म्हटलंय मी. कारण तो उलटंही सांगू शकतो, आणि तेव्हा मग पुढे बोलायला काही उरत नाही.

पायरी १: दुखणं कुठे आहे ते आधी शोधा

बहुतेक घरांत ही पायरी सोडून थेट प्रोग्रॅमची यादी करायला घेतात. आम्ही पण तेच केलं. तीन आठवडे कुठलं कॉलेज चांगलं यावर भांडलो आणि मुळात आपल्याला हे हवंय का ते विचारलंच नाही.

एमडी स्कूल्सचा अर्ज ज्या सिस्टीमने जातो तिला ॲमकॅस म्हणतात. ॲमकॅस जीपीए एक काढत नाही, बरेच काढतं. फ्रेशमन, सोफमोर, ज्युनियर, सीनियर असे वर्षवार, मग पोस्टबॅक, मग अंडरग्रॅडचा एकूण, आणि ग्रॅज्युएट वेगळा. त्यात पुन्हा सायन्सचा वेगळा, म्हणजे बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. आता मेख अशी की एसएमपीचे ग्रेड्स त्या ग्रॅज्युएटच्या ओळीत जातात, अंडरग्रॅडचा आकडा जागचा हलत नाही. ३.२ होता, ४.० ने एसएमपी केलं तरी ३.२ च. आणि युनिव्हर्सिटीत किंवा कम्युनिटी कॉलेजात जाऊन अंडरग्रॅडचेच जास्तीचे कोर्सेस घेतले, ज्याला सगळे पोस्टबॅक म्हणतात, तर ते अंडरग्रॅडच्या एकूणात मिसळतात आणि आकडा हळूहळू का होईना वर सरकतो. कोर्स रिपीट केला तरी ॲमकॅस दोन्ही ग्रेड मोजतं, जुना पुसत नाही. डीओ स्कूल्सची (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर तयार करणारी, एमडीला समांतर) सिस्टीम पूर्वी जुना ग्रेड बदलून द्यायची, ते २०१७ ला बंद झालं, त्यामुळे कुणा काकांनी तो उपाय सांगितला तर समजा की माहिती शिळी आहे.

यावरून आमचा साधा हिशोब असा झाला. जीपीए ३.० च्या खाली असेल तर आधी पोस्टबॅक करून तो वर आणा, कारण बऱ्याच स्कूल्सची चाळणीच ३.० च्या आसपास लागते, तुमचा एसएमपीचा सुंदर ट्रान्सक्रिप्ट (ग्रेड्सचा अधिकृत कागद) माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. ३.० ते ३.४ च्या मधे असाल, चार वर्षांचे कोर्सेस इतके झालेत की आकडा आता हलणार नाही, आणि बाकी सगळं ठीक आहे, तर एसएमपी तुमच्यासाठी बनलंय. ३.५ च्या वर असाल तर शक्यतो नको, तुमची अडचण दुसरीकडे असणार. हे आकडे कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत, माझा अंदाज आहे, पण प्रीमेड ॲडव्हायजर लोकही साधारण याच्या आसपासच बोलतात.

आणि एमकॅट कमी असेल तर एसएमपी त्यावर औषध नाही, हे मोठ्याने सांगायला हवं. ५०० आलाय म्हणून मास्टर्सला ६० हजार घालणारे पाहिलेत मी. एमकॅट कमी असेल तर एमकॅटच परत द्यायचा, वर्षाला तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा देता येतो. तसंच हॉस्पिटलमधले तास, शॅडोइंग (डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम बघणं), व्हॉलंटिअरिंग यात भोक असेल तर एसएमपीने ते भोक बुजत नाही, उलट मोठं होतं, कारण त्या वर्षात झोपायला वेळ नसतो तर व्हॉलंटिअरिंग कुठून करणार.

अजून एक प्रश्न, सगळ्यात अवघड. ग्रेड्स वाईट का आले? आमच्याकडे उत्तर यायला महिना लागला. आधी "प्रोफेसर वाईट होते", मग "कोविड होता", आणि शेवटी एका संध्याकाळी गाडीत बसून ती म्हणाली की मला अभ्यास कसा करायचा तेच माहीत नव्हतं, हायस्कूलमध्ये न करता ए यायचे. हे कारण असेल आणि ते अजून तसंच असेल तर एसएमपीत तेच होणार, फक्त महाग पडेल. नोकरी करून शिकत होता, आजारपण होतं, घरात कुणी गेलं, ही कारणं मागे सरली असतील तर गोष्ट वेगळी.

पायरी २: व्हिसा आणि कुणासाठी अजिबात नाही

पुण्या-नाशकातून विचारणा येते म्हणून हे लिहितो. भारतातून एमबीबीएस झालेल्यांना एसएमपीची गरज नाही. तुमचा रस्ता यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा, परदेशी डॉक्टरांचं ईसीएफएमजी सर्टिफिकेशन आणि मग रेसिडेन्सी मॅच, म्हणजे हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगची जागा. मेडिकल स्कूल परत करायचं नाहीये तर त्याच्या तयारीचा मास्टर्स कशाला, कुणी एजंट सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

बीएस्सी, बीफार्म, बीडीएस करून इथे एमडी करायचं म्हणणाऱ्यांनी नीट ऐका. ॲमकॅस परदेशी कॉलेजचे ग्रेड्स पडताळत नाही आणि त्यांचा जीपीए काढत नाही. बरीच स्कूल्स इंटरनॅशनल स्टुडंट घेतच नाहीत, जी घेतात त्यातल्या अनेकांना अमेरिकन कॉलेजात केलेले कोर्सेस लागतात आणि काही ठिकाणी फीचे पैसे आधी दाखवावे किंवा भरून ठेवावे लागतात. सरकारी लोनही नाही. एक वर्षाचा एसएमपी करून हे सगळं सुटेल असं समजून घर गहाण टाकू नका.

आणि जी पोरं लहानपणी आई-बाबांबरोबर इथे आली, एच-४ वर (आई-बाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वाढली, ग्रीन कार्डची रांग संपेना आणि २१ पूर्ण झाल्यावर एफ-१ या स्टुडंट व्हिसावर गेली, ती अर्जात इंटरनॅशनलच धरली जातात, मग मराठीपेक्षा इंग्लिश जास्त येत असलं तरी. अशा घरांनी प्रोग्रॅम निवडायच्या आधी प्रत्येक मेडिकल स्कूलची वेबसाइट उघडून इंटरनॅशनल घेता का ते पाहायचं, आधी ते, मग बाकीचं.

पायरी ३: प्रोग्रॅम निवडणं

नाव एकसारखं असलं तरी आत तीन वेगळे प्रकार असतात. एकात तुम्ही मेडिकलच्या फर्स्ट इयरच्या पोरांबरोबरच किंवा त्यांच्याच परीक्षा देता आणि तुमचा स्कोअर त्यांच्या ॲव्हरेजच्या शेजारी ठेवला जातो. दुसऱ्यात प्रोफेसर मेडिकल स्कूलचे पण वर्ग फक्त मास्टर्सवाल्यांचा. तिसऱ्यात नाव बायोमेडिकल सायन्सेस, पण शिकवणं नेहमीच्या ग्रॅज्युएट कोर्ससारखं, थोडं रिसर्च, थोडं ऑनलाइन. पहिला सगळ्यात धोक्याचा आणि सगळ्यात वजनदार. तिसरा सोपा, पण ग्रॅज्युएट कोर्सेसमध्ये ए सढळ हाताने देतात हे कमिटीला माहीत असतं, त्यामुळे त्या ४.० ला कुणी उठून उभं राहत नाही.

प्रोग्रॅमवाल्यांना फोन करा. ईमेल नाही, फोन. आणि हे विचारा.

तुमच्या इथून किती जण मेडिकल स्कूलला गेले? मग लगेच दुसरा प्रश्न, किती पैकी? एका ठिकाणी आम्हाला हसतमुख बाईंनी ९०% सांगितलं. मी म्हटलं वा. लेकीने विचारलं, हे सुरुवातीला ॲडमिशन घेतलेल्यांपैकी की शेवटी ३.५ च्या वर राहिलेल्यांपैकी? फोनवर शांतता. मग कळलं की शेवटी चांगल्या ग्रेडने पास झालेले, त्यातले ज्यांनी अर्ज केला ते, आणि त्यात डेंटल आणि पीए (फिजिशियन असिस्टंट) स्कूलला गेलेले पण धरलेले, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. मी वीस वर्षं प्रोजेक्टचे स्टेटस रिपोर्ट लिहितोय, मला त्या बाईंबद्दल आदरच वाटला.

दुसरं, लिंकेज, म्हणजे एसएमपीतून ठरलेल्या मेडिकल स्कूलमध्ये जायची वाट, आहे का आणि त्याच्या अटी काय. गॅरंटीड इंटरव्ह्यू वेगळा आणि सीट वेगळी. "अमुक जीपीए, अमुक एमकॅट, एकही सी नको" असं असेल तर ते कागदावर मागा. तिसरं, प्रोग्रॅम चालवणारं मेडिकल स्कूल स्वतः दरवर्षी यातले किती घेतं. आमच्या मते हा सगळ्यात कामाचा आकडा, कारण तुमचे प्रोफेसर आणि त्यांची ॲडमिशन कमिटी एकाच बिल्डिंगमध्ये बसतात आणि तुमचे मार्क काय प्रतीचे आहेत ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. ते म्हणाले की आम्ही आमच्यातले फारसे घेत नाही, तर विचार करा की घरचेच जेवत नाहीत त्या खानावळीत आपण का बसावं. चौथं, कमिटी लेटर, म्हणजे प्रोग्रॅमच्या वतीने एकत्रित शिफारसपत्र, देता का आणि कधी.

राज्याचंही बघा. स्टेटची मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्यांना झुकतं माप देतात, एसएमपीसाठी दुसऱ्या राज्यात एक वर्ष राहिलात म्हणून तिथले रहिवासी होत नाही. लेकीला एक लांबचा, नावाजलेला प्रोग्रॅम मिळाला होता आणि एक घरापासून सव्वा तासावरचा. दुसरा घेतला. नातेवाइकांत पहिल्याचं नाव जास्त चाललं असतं, हे खरंय.

पायरी ४: पैसे, आणि २०२६ चा बदल

ट्यूशन बऱ्याच ठिकाणी ३० हजार डॉलर्सच्या वर, प्रायव्हेटमध्ये ५०-६० पण लागतात, वर भाडं आणि खाणं. आतापर्यंत लोक ग्रॅड प्लस नावाचं सरकारी लोन काढून सगळं भागवायचे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने नव्याने लोन घेणाऱ्यांसाठी १ जुलै २०२६ पासून ते बंद. मास्टर्सला आता वर्षाला २०,५०० डॉलर्स इतकंच फेडरल लोन मिळणार, मेडिकल स्कूलला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंत. सगळं मिळून आयुष्यभराची मर्यादा २,५७,५०० डॉलर्स. म्हणजे एसएमपीसाठी आज उचललेला डॉलर पुढच्या मेडिकल स्कूलच्या वाट्यातून जाऊ शकतो, हे कागदावर मांडून बघा. उरलेल्याला प्रायव्हेट लोन, आणि तिथे कोसायनर (जामीनदार) म्हणून सही आई-बाबांची. सही करायच्या आधी नवरा-बायकोने दार लावून एकदा बोलून घ्या, आम्ही सही करून मग बोललो.

अर्जाचा खर्च वेगळा. ॲमकॅसला पहिल्या स्कूलचे पावणेदोनशे डॉलर्सच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाचे पंचेचाळीस-पन्नास, मग प्रत्येक स्कूल सेकंडरी अर्जाचे (स्कूलचा स्वतःचा पुढचा अर्ज) वेगळे घेतं. २५ स्कूल्स म्हटलं की हजारांत जातं. उत्पन्न कमी असेल तर फी असिस्टन्स प्रोग्रॅम आहे, पण एमकॅटचं रजिस्ट्रेशन करायच्या आधी अर्ज करा, एकदा भरलेले पैसे परत देत नाहीत.

पायरी ५: अर्ज कधी करायचा

ॲमकॅस मे मध्ये उघडतं, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतं, जूनच्या शेवटी स्कूल्सकडे जातं, जुलै-ऑगस्ट सेकंडरी निबंध, आणि इंटरव्ह्यू ऑगस्टपासून पुढच्या मार्चपर्यंत. एसएमपी सुरू होतं जुलै-ऑगस्टमध्ये. आता इथे दोन वाटा.

एक, एसएमपी सुरू व्हायच्या आधीच जूनमध्ये अर्ज टाकायचा. वर्ष वाचतं, पण अर्जात एसएमपीचा एकही ग्रेड नसतो, फक्त "चालू आहे" एवढंच दिसतं. डिसेंबरचे ग्रेड्स आले की प्रत्येक स्कूलला स्वतः अपडेट पाठवायचा, कारण ॲमकॅसला एकदा अर्ज व्हेरिफाय झाला की नवे ग्रेड्स त्यात भरता येत नाहीत. दोन, पूर्ण एसएमपी करून, सगळे ग्रेड्स हातात घेऊन मग जूनमध्ये अर्ज, आणि मधल्या रिकाम्या वर्षात नोकरी, क्लिनिकमध्ये काम, रिसर्च. खर्चाला आणि मनाला जड, पण अर्ज पूर्ण ताकदीने जातो.

लिंकेज असलेला प्रोग्रॅम असेल किंवा बाकी अर्ज दणदणीत असेल तर पहिली वाट. जीपीए ३.१-३.२ असेल तर माझ्या मते दुसरी. आम्ही पहिली घेतली, मुख्यतः मला घाई होती म्हणून. जूनमध्ये टाकलेल्या २४ अर्जांवर डिसेंबरपर्यंत एकही इंटरव्ह्यू नाही, सात रिजेक्शन्स, बाकी शांतता. तिच्या मधल्या परीक्षांच्या काळात ती रिजेक्शन्स एकेक करून येत होती. त्याचा हिशोब कुठल्या शीटमध्ये धरला नव्हता मी.

वाट कुठलीही घ्या, एमकॅट एसएमपीच्या आधी संपवा. दोन्ही एकत्र करू म्हणणाऱ्या कुणाचंच नीट झालेलं मी बघितलं नाही. आणि स्कोअर किती वर्षं चालतो ते बघा, बऱ्याच स्कूल्सना तो दोन-तीन वर्षांच्या आतला लागतो.

पायरी ६: ते वर्ष

ही सगळ्यात मोठी पायरी आणि यावर सगळ्यात कमी लिहिलेलं असतं.

किती ग्रेड पाहिजे? ३.७ च्या वर असेल तर छाती पुढे काढून बोलता येतं, ३.५ ला धाकधूक, ३.३ म्हणजे पैसे पाण्यात. मास्टर्समध्ये बी म्हणजे अंडरग्रॅडमधला सी समजा.

लेकीची पहिली परीक्षा चौथ्या आठवड्यात झाली. तिला ७१, वर्गाचं ॲव्हरेज ७८. रात्री गाडीतून फोन, पार्किंग लॉटमध्ये बसलेली, रडत नव्हती पण आवाज अगदी बारीक. मी काहीतरी मोटिव्हेशनल बोलणार होतो तेवढ्यात तिच्या आईने फोन घेतला आणि विचारलं, चुकलेले प्रश्न कुठले होते? हा प्रश्न बरोबर होता.

चुकलेले बहुतेक प्रश्न हृदयाच्या फिजिऑलॉजीचे होते, प्रेशर-व्हॉल्यूम लूपचे, म्हणजे एका ठोक्यात हृदयातला दाब आणि रक्ताचं प्रमाण कसं बदलतं त्या आलेखाचे. तिने लेक्चर दोनदा ऐकलेलं, नोट्स तीन रंगांत पुन्हा लिहिलेल्या, वही बघाल तर फ्रेम करून लावाल. पण परीक्षेत कुणी लूपचं चित्र काढा म्हणत नाही. विचारतात की पेशंटचं बीपी अचानक वाढलं, म्हणजे आफ्टरलोड (रक्त बाहेर ढकलताना हृदयाला लागणारा विरोध) वाढला, तर लूप कसा बदलेल आणि स्ट्रोक व्हॉल्यूमचं काय होईल. लूप उंच होतो, अरुंद होतो, एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. हे तिला "माहीत" होतं, पण उलटं-सुलटं करून कधी स्वतःला विचारलेलं नव्हतं.

मग वह्या बंद. वीकेंडला घरी आली की आमच्या फ्रिजच्या दारावर पुसायच्या मार्करने लूप काढायची आणि आईला, जी बँकेत नोकरी करते आणि जिला लूपशी काही घेणं नाही, समजावून सांगायची. प्रीलोड (ठोक्याआधी हृदयात भरलेलं रक्त) वाढला तर? व्हॉल्व्ह अरुंद झाला तर? आईला कळलं नाही तर परत. नोव्हेंबरमध्ये तिथे नेफ्रॉन (मूत्रपिंडातली गाळणी) आला, दारापेक्षा लांब, तो बाजूच्या भिंतीवर थोडा गेला आणि अजून आहे.

रोजचं असं बसलं. सकाळी लेक्चर, त्याच दिवशी संध्याकाळी त्यावरची अँकी या फ्लॅशकार्डच्या ॲपमधली कार्ड्स, स्वतः बनवलेली कमी आणि तयार डेकमधली निवडून जास्त, कारण कार्ड बनवण्यात रात्र जाते आणि अभ्यास केल्यासारखं वाटतं. रोज प्रश्न सोडवायचे, पहिल्या आठवड्यापासून, "आधी वाचून होऊ दे मग" असं नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी नवीन काही नाही. तीन जणांचा ग्रुप, आठवड्यातून दोनदा, एकमेकांना प्रश्न घालायला, गप्पा मारायला नाही. ऑफिस अवर्सना दर आठवड्याला, प्रश्न नसला तरी एक शोधून, कारण पुढे शिफारसपत्र त्याच प्रोफेसरकडून हवंय आणि त्यांना चेहरा माहीत पाहिजे. दुसरी परीक्षा ८४, तिसरी ८९.

नोकरी करू नका, जमलं तर. व्हॉलंटिअरिंग पूर्ण सोडू पण नका, आठवड्याला तीन-चार तास पुरेत. ती शनिवारी सकाळी एका फ्री क्लिनिकमध्ये बीपी घ्यायला जायची, म्हणायची की आठवड्यातला हा एकच वेळ असतो जेव्हा आठवतं की हे सगळं कशासाठी.

आई-बाबांसाठी एवढंच: फ्रीझरमध्ये पोळ्या ठेवा, "किती आले?" रोज विचारू नका, आणि मंडळात कुणी विचारलं तर "मास्टर्स करतेय" म्हणा, खरंच तर करतेय.

पायरी ७: अर्जात हे मांडायचं कसं

पर्सनल स्टेटमेंटला ५,३०० कॅरेक्टर्स मिळतात, स्पेस धरून. त्यातली जुन्या ग्रेड्सवर दोन-तीन वाक्यं, बस. तिचा पहिला ड्राफ्ट अर्धा माफीनामा होता. काय झालं ते सरळ, काय बदललं ते सरळ, आणि पुढे डॉक्टर का व्हायचंय याकडे. सविस्तर सांगायला सेकंडरीत बहुतेक ठिकाणी जागा असते. ॲक्टिव्हिटीजना १५ जागा आहेत, सगळ्या भरायची जबरदस्ती नाही.

शिफारसपत्र मागायला ऑक्टोबर संपू द्या, दोन परीक्षा चांगल्या झाल्यावर. नुसतं पत्र द्याल का असं न विचारता "ठाम शिफारस करता येईल का" असं विचारा, समोरचा अडखळला तर थँक्यू म्हणून दुसऱ्याकडे.

अपडेट लेटर एका पानाच्या आत. तिच्यात हे होतं: सेमिस्टरचा जीपीए, कोर्सेसची नावं, ग्रेड्स, मेडिकल स्टुडंट्सच्या ॲव्हरेजच्या तुलनेत कुठे होती ते, क्लिनिकमधलं काम दोन ओळी, आणि त्या स्कूललाच का यायचंय ते त्या स्कूलपुरतं लिहिलेलं. ट्रान्सक्रिप्ट सोबत. काही स्कूल्स पोर्टलवर घेतात, काही ईमेलवर, आणि काही अपडेट घेतच नाहीत, त्यांना पाठवून चिडवू नका. ग्रेड्स लागले त्याच आठवड्यात पाठवा, तोवर बऱ्याच जागा भरत आलेल्या असतात. लेकीने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १५ ठिकाणी पाठवलं. फेब्रुवारीत तीन इंटरव्ह्यू आले, दोन डीओ आणि एक एमडी.

डीओबद्दल. आपल्या लोकांत अजून "ते खरे डॉक्टर ना?" असं विचारतात. हो, खरे. ऑस्टिओपॅथिक स्कूल्समधून निघालेले डॉक्टर पूर्ण लायसन्सवाले, २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यतेची सिस्टीमही एकच झाली आहे. अर्ज वेगळ्या सिस्टीमने जातो, तो पहिल्या दिवसापासून समांतर करा, एमडीने नाही म्हटल्यावर नाही. लेकीच्या यादीत डीओ होते ते तिच्या हट्टाने, मी नको म्हणत होतो, आणि आज ती डीओ स्कूलमध्येच आहे.

बिघडलं तर

पहिल्या ब्लॉकमध्ये (काही आठवड्यांचा अभ्यासाचा तुकडा) दोन परीक्षा घसरल्या तर लगेच डीनकडे किंवा ॲडव्हायजरकडे जा, ड्रॉपची तारीख कधी आहे ते बघा. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मधेच सोडल्याची खूण) दिसणं वाईट, पण सी पेक्षा बरं. पहिली सेमिस्टर ३.० ला आली तर दुसरी भरायच्या आधी थांबून विचार करा, लाजेने पुढे ढकलत राहिलात तर दुप्पट फी आणि तोच निकाल. आणि त्या मनःस्थितीत कॅरिबियनच्या कुठल्या स्कूलचा "तुमची सीट तयार आहे" ईमेल आला तर निदान महिनाभर उत्तर देऊ नका. तिथून डॉक्टर होणारे आहेत, पण मधेच गळणारेही बरेच आहेत आणि तोवर लोन झालेलं असतं.

सीट मिळाल्यावर

३० एप्रिलपर्यंत ॲमकॅसमध्ये एकाच एमडी स्कूलची सीट धरून बाकीच्या सोडायच्या असतात, "प्लॅन टू एनरोल" चं बटण त्यासाठी. डीओंच्या डिपॉझिटच्या तारखा वेगळ्या, प्रत्येकाचं पत्र नीट वाचा. आणि एप्रिल-मे मध्ये अभ्यास ढिला सोडू नका, जो मास्टर्स चालू आहे म्हणून अर्जात लिहिलंय तो पूर्ण करून फायनल ट्रान्सक्रिप्ट पाठवावा लागतो. लेकीच्या वर्गातल्या एकाने सीट मिळाल्यावर शेवटच्या ब्लॉकला सी काढला आणि जूनमध्ये त्याला स्कूलकडून खुलासा मागणारं पत्र आलं. सीट राहिली त्याची, पण तो जून त्याच्या घरात कसा गेला असेल ते मला विचारू नका.